मे महिन्यातली दुपार आणि घरातली मुले: मोबाइलविना करण्याजोगे उद्योग

शाळांना उन्हाळी सुट्टी लागल्यावर पहिले काही दिवस मुले उशिरा उठतात, मजेत लोळतात, आणि मग आई-वडिलांपुढे जो प्रश्न उभा राहतो तो मुख्यतः दुपारचा असतो. सकाळी हवा बरी असते, संध्याकाळी खेळायला सोबती मिळतात. पण अकरापासून साडेचारपर्यंत बाहेर ऊन तापलेले असते, घरातली मोठी माणसे कामात किंवा दमलेली असतात आणि मोबाइल हाताशी असतो. त्यामुळे सबंध दिवसाचे वेळापत्रक भिंतीवर लावण्याची गरज नाही. या पाच-साडेपाच तासांत मुलांच्या हाताला काय मिळेल, एवढा विचार नीट केला तरी बराचसा प्रश्न सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार एक वर्षाच्या आतल्या बाळांना पडद्यासमोर मुळीच बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी एक तासाची मर्यादा पाळावी, तीही जितकी कमी तितकी चांगली. शाळकरी मुलांची मर्यादा प्रत्येक घराने आपापल्या परिस्थितीनुसार ठरवावी, मात्र ती सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मुलांना स्पष्ट सांगावी आणि रोज बदलू नये.

माझे ठाम मत असे आहे की केवळ वेळ जावा म्हणून दिलेला उद्योग मुलांना अर्ध्या तासात कळतो आणि ती तो सोडून देतात. उलट ज्या कामाचा घराला खरोखर उपयोग आहे, किंवा ज्याचे फळ आठवड्याने, पंधरवड्याने दिसणार आहे, त्या कामाकडे मुले आपणहून परत येतात. म्हणून पुढे जे उद्योग सुचवले आहेत ते बहुतेक एका बैठकीत संपणारे नाहीत. त्यांसाठी दोन गोष्टी आधी कराव्यात. पहिली, साहित्य आदल्या रात्री एका खोक्यात काढून ठेवावे, कारण ऐन दुपारी कात्री आणि सुतळी शोधत बसल्यास मुलांचा उत्साह तिथेच ओसरतो. दुसरी, सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे मोठ्या माणसाने जवळ बसून स्वतः हात लावावा आणि काम मार्गी लागले की शांतपणे उठावे; शेवटपर्यंत शेजारी बसून सूचना देत राहिल्यास ते काम मुलांचे राहत नाही. जुनी चादर अंथरून तिच्यावर पसारा करण्याची मोकळीक दिली आणि पाच वाजता चादरीची चारही टोके धरून सगळे आवरायचे असा नियम ठेवला, तर पसाऱ्यावरून होणारी कुरकुरही टळते.

वाळवणातला वाटा

उन्हाळ्यात घरात होणाऱ्या कामांपैकी मुलांना सर्वांत जास्त गुंतवणारे काम वाळवणाचे आहे, आणि आता अनेक घरांत ते बंद पडले असले तरी छोट्या प्रमाणावर ते कुठेही करता येते. सुरुवात बटाट्याच्या किसापासून करावी. एक किलो बटाटे किंचित कच्चे राहतील इतपतच उकडावेत, कारण पूर्ण मऊ झालेल्या बटाट्याचा किसताना लगदा होतो. गार झाल्यावर साले काढण्याचे काम लहान मुलांना द्यावे आणि आठ वर्षांवरच्या मुलांनी मोठ्या भोकांच्या किसणीने बटाटा थेट स्वच्छ प्लास्टिकच्या कागदावर किसावा, म्हणजे कीस मोकळा पडतो. शेवटचा तुकडा मात्र मोठ्यांनी किसावा, म्हणजे बोटे सोलवटत नाहीत. वरून बेताने मीठ भुरभुरवावे. बटाट्यात ७५ ते ८० टक्के पाणी असते, तेव्हा एका किलोचा वाळलेला कीस किती भरेल याचा अंदाज प्रत्येकाने कागदावर लिहून ठेवावा आणि कीस कडकडीत वाळल्यावर वजन करून पाहावे. टक्केवारी शिकवण्यासाठी याहून चांगला प्रसंग मला तरी ठाऊक नाही.

दुसरा सोपा प्रकार साबुदाण्याच्या पापड्यांचा. एक वाटी साबुदाणा रात्रभर भिजवावा, सकाळी मोठ्यांनी सुमारे पाच वाट्या पाण्यात तो पारदर्शक होईपर्यंत शिजवून त्यात मीठ व जिरे घालावे आणि मिश्रण कोमट झाल्यावर मुलांच्या हाती पळी द्यावी. दोन पापड्यांत दोन बोटांचे अंतर ठेवणे, सगळ्या सारख्या आकाराच्या घालणे, संध्याकाळी कडा सुटल्या की नाही ते पाहून त्या उलटणे ही सगळी कामे सात-आठ वर्षांची मुले उत्तम करतात. हे काम सकाळी आठच्या सुमारास उरकावे. नंतर दिवसभर राखण असते: कावळे, चिमण्या आणि खारी यांच्यापासून वाळवण सांभाळायचे असते, पण त्यासाठी उन्हात बसू नये, दाराच्या सावलीत बसून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावाव्यात. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात दोन दिवसांत जे वाळते त्याला कोकणपट्टीच्या दमट हवेत तीन-चार दिवस लागू शकतात, त्यामुळे डब्यात भरण्याआधी एक पापडी मोडून पाहावी; ती कट्‌कन मोडली पाहिजे, वाकता कामा नये. गच्ची नसलेल्या सदनिकेत खिडकीजवळच्या टेबलावर ताट ठेवून आणि रात्री पंख्याखाली ठेवून हे जमते, फक्त प्रमाण निम्मे करावे. कुरडयांचा घाट मात्र घरात जाणते माणूस असेल तरच घालावा. गहू तीन दिवस भिजवण्यापासून चीक शिजवण्यापर्यंत त्यात बरीच मेहनत आहे आणि उकळता चीक अंगावर उडाल्यास चांगलेच भाजते, म्हणून मुलांनी तिथे लांबून पाहावे आणि वाटीत मिळालेला चीक खावा.

चिंच फोडण्याचेही हेच दिवस. वर्षाची चिंच घरी येत असेल तर टरफले, शिरा आणि चिंचोके वेगळे करण्याचे काम दुपारी मुलांसोबत बसून करावे आणि चिंचोके फेकू नयेत, कारण पुढे सांगितलेल्या खेळाला ते लागतात.

घरात उठणारा पट

चिंचोके धुऊन वाळवावेत आणि त्यांची एक बाजू खडबडीत फरशीवर किंवा दगडावर घासावी. काळपट तपकिरी साल निघून आत पांढरा भाग दिसू लागला की एका बाजूने गडद आणि दुसऱ्या बाजूने पांढरा असा दाणा तयार होतो. असे चार दाणे कवड्यांचे काम करतात. पाच ओळी आणि पाच रांगा अशा २५ घरांचा पट खडूने फरशीवर काढावा, चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि पटाच्या केंद्रात फुली मारावी. चल्लस-आठ म्हणून ओळखला जाणारा हा खेळ निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या नावांनी आणि थोड्याफार वेगळ्या नियमांनी खेळतात, पण सांगाडा एकच आहे. प्रत्येक खेळाडूकडे चार सोंगट्या असतात. त्यासाठी बटणे, खडे, शेंगांची टरफले काहीही चालते. दाणे टाकल्यावर जितके पांढरे पडतील तितकी घरे पुढे जायचे. चारही पांढरे पडले तर चार, एकही पांढरे न पडले तर आठ, आणि या दोन्ही दानांना पुन्हा टाकण्याची संधी मिळते. सोंगटी आपल्या फुलीच्या घरातून निघून बाहेरची १६ घरे एका दिशेने फिरते, तिथून आतल्या ८ घरांत उलट दिशेने फिरते आणि शेवटी मधल्या फुलीत पोचते. दुसऱ्याची सोंगटी ज्या घरात आहे तिथे नेमकी आपली पोचली तर ती मारली जाते आणि तिला मुळापासून निघावे लागते; फुलीच्या घरात मात्र कोणी कोणाला मारू शकत नाही. निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरता येत नाही, हा नियम ठेवल्यास खेळ खरा रंगतो, कारण मग नुसते पळून चालत नाही. चौघांचा एक डाव तासभर सहज चालतो.

पत्त्यांबद्दल फार सांगण्याची गरज नाही. लहानांसाठी बदाम सात आणि झब्बू, तिघे असतील तर पाच-तीन-दोन, चौघे जमले तर मेंढीकोट, एवढे पुरते. कोणाचे हात किती झाले ते लिहिण्याची वही सर्वांत धाकट्या मुलाकडे द्यावी. आजी-आजोबा घरात असतील तर सागरगोटे आणि भेंड्या त्यांच्याकडून शिकण्यात वेगळी गंमत आहे, कारण इथे शिकवणारे तेच असतात आणि मुलांना त्यांचे लहानपण आपोआप ऐकायला मिळते. तीन वर्षांखालची मुले असलेल्या घरांत चिंचोके, सागरगोटे आणि बटणे खेळ संपताच मोजून डब्यात ठेवावीत. तोंडात गेलेला छोटा दाणा घशात अडकू शकतो.

कागदाच्या लगद्याची टोपली

जुन्या वर्तमानपत्रांच्या लगद्यापासून टोपल्या आणि सुपे करण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती, आणि हे काम मे महिन्यासाठीच जणू नेमलेले आहे, कारण त्याला भरपूर ऊन आणि भरपूर दिवस लागतात. कागदाचे बोटभर तुकडे फाडण्यापासून आरंभ करावा. चार वर्षांच्या मुलालाही हे काम आवडते आणि त्यात खूप वेळ रमता येते. तुकडे बादलीत पाण्यात बुडवून तीन-चार दिवस ठेवावेत आणि पाणी रोज बदलावे. मऊ झालेला कागद पिळून खलबत्त्यात कुटावा किंवा मोठ्यांनी थोडे पाणी घालून मिक्सरमधून काढावा. या लगद्यात मेथीची पूड मिसळतात. मेथी भिजल्यावर चिकट होत असल्यामुळे लगदा बांधला जातो आणि तिच्या कडवटपणामुळे कीडही लवकर लागत नाही. लगदा भाकरीच्या पिठासारखा मळला गेला पाहिजे.

त्यानंतर एक पातेले पालथे घालून त्यावर ओले सुती फडके किंवा प्लास्टिक ताणून बसवावे आणि लगदा तळापासून खाली कडेपर्यंत थापत यावे. जाडी करंगळीच्या पेरापेक्षा कमी असावी. जाड थर बाहेरून वाळतो आणि आतून ओला राहून कुबट वास धरतो. पहिला दिवस सावलीत आणि नंतर दोन-तीन दिवस उन्हात वाळवावे; एकदम कडक उन्हात ठेवल्यास तडे जातात. पातेल्यावरून सुटल्यावर टोपली आतून पुन्हा एक दिवस वाळवावी. मग गेरू पाण्यात कालवून दोन हात द्यावेत.

गेरूवर पांढऱ्या रंगाने काय काढावे, हा प्रश्न पालघरच्या परिसरातल्या वारली समाजाने फार पूर्वीच सुंदर रीतीने सोडवला आहे. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूच्या काडीचे चेचलेले टोक आणि वर्तुळ, त्रिकोण, चौकोन हे तीन आकार एवढ्यावर सबंध जग उभे राहते: दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे धड होते, वर गोल डोके येते आणि हात-पायांच्या रेषांच्या कलानुसार तो माणूस नाचतो, भाताची लावणी करतो किंवा पाणी भरतो. मुलांना हे सांगताना डहाणूजवळच्या गंजाड गावचे जिव्या सोमा मशे यांच्याविषयीही जरूर सांगावे. घरांच्या भिंतींवरची ही चित्रे कागदावर आणून देशाबाहेर पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. टोपलीवर नाचणाऱ्या माणसांच्या जोडीला मुलांनी आपल्या सोसायटीतली किंवा वाडीतली दृश्ये काढावीत, म्हणजे नुसती नक्कल होत नाही. ही टोपली ओल्या वस्तूंसाठी वापरता येत नाही, पण कांदे-लसूण, लोकर किंवा खेळातल्या सोंगट्या तीत छान राहतात.

सावली नाहीशी होण्याचा दिवस

महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. दुसरी वेळ पावसाळ्यात येते आणि तेव्हा बहुधा ढग असतात, त्यामुळे मे महिन्यातली संधीच खरी. कोल्हापुरात हा दिवस ६ मेच्या सुमारास, पुण्यात १३-१४ मेला, मुंबईत १५-१६ मेला, नाशिकमध्ये २० मेच्या आसपास आणि नागपुरात २६ मेच्या आसपास येतो; म्हणजे सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो तसा हा दिवस राज्यभर प्रवास करतो. ही वेळ घड्याळातल्या बाराची नसते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरलेली असून आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, म्हणून पुण्या-मुंबईत ती साडेबाराच्या सुमारास आणि नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास असते.

याची तयारी निदान दोन आठवडे आधीपासून करावी, कारण खरा आनंद सावली आखूड होत जाताना पाहण्यात आहे. एक मीटर उंचीची सरळ काठी वाळूने भरलेल्या डब्यात रोवावी आणि दोऱ्याला नट बांधून केलेल्या ओळंब्याने ती ताठ आहे का ते तपासावे. तिची मध्यान्हीची सावली दोन आठवडे आधी सुमारे सहा-सात सेंटिमीटर असते आणि उत्तरेकडे पडते. रोज त्याच मिनिटाला खडूने टोक नोंदवावे, लांबी वहीत लिहावी आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांनी आलेखाच्या कागदावर बिंदू मांडावेत. तो दिवस उलटून गेल्यावरही नोंदी थांबवू नयेत, कारण त्यानंतर सावली दक्षिणेकडे पडू लागते आणि मध्यान्हीची सावली नेहमी उत्तरेलाच पडते ही पक्की समजूत मुलांच्या स्वतःच्या वहीत खोटी ठरते. गच्चीवर पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये, टोपी आणि चप्पल घालावी, आणि सूर्याकडे थेट पाहायचे नाही हे आधी बजावावे.

शास्त्राच्या याच वाटेवरचा एक घरबसल्या उद्योग अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केला. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या कामासाठी ते ओळखले जातात, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणावी, तिचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत आणि गुल खरवडून काढलेल्या काडेपेटीच्या काड्या त्यांत खोचून आकृत्या जोडाव्यात. काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की तिरका होतो, त्रिकोण होत नाही. पूल आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात, हे मुलांना मग सांगावे लागत नाही.

रोजची दोन छोटी कामे

आंबे खाऊन झाले की हापूस, पायरी, तोतापुरी, रायवळ अशा निरनिराळ्या कोयी धुऊन एक दिवस सावलीत वाळवाव्यात. महिनाभर पडून राहिलेली कोय सहसा रुजत नाही. मोठ्यांनी कडेने कवच उघडून आतले बी काढून द्यावे, मुलांनी ते दुधाच्या भोके पाडलेल्या पिशवीत, फुगीर बाजू वर ठेवून, इंचभर मातीखाली लावावे आणि आंब्याचे नाव व तारीख लिहिलेली पट्टी खोचावी. दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोवळी पाने दिसतात. हापूसच्या कोयीपासून आलेल्या झाडाला हापूससारखाच आंबा लागेल असे नाही आणि म्हणूनच बागायतदार कलमे लावतात, हेही मुलांना आधीच सांगावे.

दुसरे काम पाखरांच्या पाण्याचे. मातीचे पसरट परळ सावलीत ठेवावे, पाणी दोन इंचांहून खोल नसावे आणि मध्ये एक दगड असावा, म्हणजे लहान पक्ष्यांना टेकता येते. पाणी रोज बदलून परळ घासलेच पाहिजे, नाहीतर त्यात डासांची अंडी होतात. समोर पडद्याआड बसून कोण किती वाजता आले याची नोंद ठेवली की चिमणी, साळुंकी, बुलबुल, दयाळ यांच्या वेळा आठवडाभरात कळू लागतात.

आई-वडील दोघेही नोकरीला जातात त्या घरांत हे सगळे रोज होणार नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. तिथे शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून दुपारची पाळी वाटून घ्यावी: सोमवारी एका घरी पट, बुधवारी दुसऱ्या घरी लगदा, आणि किसाचा किंवा पापड्यांचा घाट रविवारी. आजी-आजोबांवर पाच मुले सोपवून निघून जाणे हा मात्र त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांनी दुपारी दीड तास झोपावे आणि तेवढा वेळ मुलांनी वाचन, सोंगट्या रंगवणे किंवा काड्यांच्या आकृत्या असे शांत काम करावे, हे दोन्ही बाजूंना आधीच सांगून ठेवावे. एखाद्या दुपारी मुले काहीच न करता खिडकीत बसली किंवा कंटाळा आल्याची तक्रार करू लागली, तर लगेच नवे साहित्य पुढे करू नये. खोका कुठे आहे ते त्यांना माहीत असते; थोडा वेळ तसाच जाऊ द्यावा, आणि त्या वेळात आपणही फोन हातात घेऊ नये.